इंजिनाचा क्रमांक आणि हमालाचे नाव

जुन्या आगगाड्यांच्या छायाचित्रांना आपल्याकडे अलीकडे भलतेच बरे दिवस आले आहेत. दिनदर्शिका, उपाहारगृहांच्या भिंती, गुळगुळीत कागदावरची देखणी पुस्तके, सकाळी उठल्याबरोबर भ्रमणध्वनीवर येऊन पडणारे संदेश, सगळीकडे ही चित्रे दिसतात. वाफेच्या ढगात अर्धे बुडालेले इंजिन, दगडी कमानींचा पूल, शिट्टी ओठांशी धरलेला गार्ड. रंग तांबूस, कडा झिजलेल्या. आणि खाली ठरलेली एक ओळ : 'गेले ते दिवस'. आमचे भांडण चित्राशी नाही, त्या ओळीशी आहे. कोणाचे दिवस, कुठे गेले आणि गेले ते बरे झाले की वाईट, असे तीन साधे प्रश्न त्या ओळीला विचारले तर ती निरुत्तर होते. तरीही ती लिहिली जाते, पुढे पाठवली जाते, आणि वाचनाचा ज्यांचा धंदा आहे असे मराठीचे अध्यापक ती बिनतक्रार गिळतात.

या लेखाचे म्हणणे एवढेच की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील रेल्वेची छायाचित्रे ही सजावट नव्हे, संहिता आहे. संहिता वाचावी लागते, तिचा काळ ठरवावा लागतो, ती कोणी, कोणासाठी निर्माण केली हे तपासावे लागते. हे काम ज्यांच्या हाती दुर्बीण आहे असे विद्याशाखेतले लोक करत नाहीत आणि ज्यांनी ते आपणहून अंगावर घेतले त्या हौशी रेल्वेप्रेमींना मात्र आपण नाके मुरडतो.

आधी हे पाहू की कॅमेरा उभा कुठे होता. इंग्लंडमधल्या कारखान्यात नवे इंजिन तयार झाले की जहाजावर चढवण्यापूर्वी त्याचे छायाचित्र काढण्याचा रिवाज होता. त्यासाठी इंजिनाला मुद्दाम करडा रंग देत, म्हणजे उजेड चमकणार नाही आणि प्रत्येक खिळा स्पष्ट उमटेल. मागचा कारखाना, त्यातली माणसे हे सगळे पांढऱ्या रंगाने पुसून टाकत. उरे ते फक्त यंत्र, पोकळीत तरंगणारे. दुसरा प्रकार अधिकाऱ्यांच्या संग्रहांचा : पूल, बोगदे, घाटाची चढण, उद्घाटने. बोरघाटाच्या कामाची एकोणिसाव्या शतकातली छायाचित्रे काढणारी ॲलिस ट्रेडवेल ही कंत्राटदाराची विधवा होती. १८५९ मध्ये नवरा वारल्यावर तिने कंत्राट स्वतः पुढे चालवले. त्या घाटात एके काळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. चित्रांतून ते दिसतात तेव्हा बहुधा कड्याच्या उंचीचे माप म्हणून दिसतात. माणूस उभा केला की दरीची खोली कळते, एवढाच त्याचा उपयोग.

तिसरा प्रकार जाहिरातीचा. १ जून १९३० रोजी 'डेक्कन क्वीन' सुरू झाली आणि तिची चित्रे घराघरांत पोचली. आजही 'जुनी आगगाडी' म्हटले की पुण्या-मुंबईच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे तीच उभी राहते. पण त्याच पुण्याहून दक्षिणेकडे एक दुसरी गाडी सुटत होती. तिचे रूळ अरुंद होते आणि तिच्यावर कोणी मोहित झालेले नव्हते. जेजुरी, नीरा, लोणंद, मग सालप्याचा घाट चढून आदर्की, वाठार, सातारा रोड, कोरेगाव, रहिमतपूर, मसूर, कराड आणि पुढे मिरज असा तिचा मार्ग. सदर्न मराठा रेल्वेची ही मीटरगेज वाट. १८७६ ते ७८ च्या भीषण दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने दुष्काळी मुलखात संरक्षक रेल्वेमार्ग बांधण्याची शिफारस केली होती. सदर्न मराठा रेल्वेची कल्पना त्या विचारातून पुढे आली. १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेत विलीन होऊन 'मद्रास अँड सदर्न मराठा' झाली, १९५१ मध्ये ती दक्षिण रेल्वेत गेली, आणि १९७१ मध्ये पुणे-मिरज मार्ग रुंद झाला. म्हणजे आपण ज्या काळाविषयी बोलत आहोत तो संपूर्ण काळ लोणंदच्या फलाटाला लागणारी गाडी मीटरगेजची होती. 'डेक्कन क्वीन'च्या जाहिरातीत तिला जागा असण्याचे कारण नव्हते.

या मार्गावर साहेबाचा कॅमेरा फिरला नाही असे नाही. महाबळेश्वरला जाणारे लोक वाठारला उतरत आणि तिथून वाई-पाचगणीमार्गे वर जात. हवापालटाला निघालेल्यांच्या हाती कॅमेरा असे. त्याचे तोंड डोंगराकडे असे. लोणंदचा मालधक्का कोणाच्या आठवणवहीत चिकटवावा असा विषय नव्हता. आजही ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंदला मुक्कामाला येते तेव्हा कॅमेऱ्यांची दाटी होते आणि एरवी वर्षभर मालधक्क्याकडे कोणी फिरकत नाही. दृश्य काय आणि अदृश्य काय हे ठरवण्याची आपली रीत शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही.

आणि खरी आगगाडी तर मालधक्क्यावरच होती. उतारूगाडी फलाटावर मिनिट-दोन मिनिटे थांबते. मालगाडीवर बाजार जगतो. कोल्हापूर-कराडचा गूळ, सांगलीची हळद, लोणंदचा कांदा यांचा बाजार वाघिणींच्या हिशेबाने चाले. शिवाय मीटरगेज म्हणजे काय हे ज्याने पाठीवर पोते घेतले त्यालाच विचारावे. पुण्याला ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ रुंद, हिचे अरुंद. मुंबईला जाणारे पोते पुण्यात एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावे लागे. तिकडे मिरजेला १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे येऊन मिळाली. ती तर याहून अरुंद, अडीच फुटी. गेज बदलला की माल उतरवा आणि पुन्हा चढवा. अभियंत्यांच्या भाषेत याला 'गेजभेद' म्हणतात. माणसाच्या भाषेत तो पाठीचा कणा आहे. अशा यार्डाचे छायाचित्र समोर आले की आपण काय पाहतो? इंजिन. हमाल चौकटीत असतो, पण नजरेत नसतो.

इथवरचा युक्तिवाद कोणी 'समाजशास्त्र' म्हणून बाजूला ठेवील. म्हणून आता साहित्याकडे येऊ. मराठी साहित्याच्या इतिहासात आगगाडी काही पाहुणी नाही. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ चे, म्हणजे मुंबईत पहिली गाडी धावल्यानंतर दहाच वर्षांनी लिहिलेले. रेव्हरंड टिळकांच्या आयुष्याला वळण देणारी भेट आगगाडीच्या डब्यात झाली. आणि या विषयावरचा आपल्या प्रदेशातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर लोणंदच्याच मार्गावर घडलेला आहे. तो इंग्रजीत लिहिला गेला म्हणून आपण त्याला आपल्या वर्गाबाहेर उभे ठेवले आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणी १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या आणि पुस्तिकारूपाने १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या. त्यातली पहिली आठवण १९०१ च्या आसपासची. वडील खटाव तालुक्यातल्या गोरेगावला रोखपाल होते. तिथे सरकार दुष्काळग्रस्तांना काम मिळावे म्हणून तलाव खोदवत होते. उन्हाळ्याच्या सुटीत नऊ-दहा वर्षांचा भीमराव, त्याचा भाऊ आणि भाचे साताऱ्याहून गाडीत बसून वडिलांना भेटायला निघाले. अंगावर नवे सदरे, डोक्यावर जरीच्या टोप्या. संध्याकाळी पाचच्या सुमारास ती मुले मसूरला उतरली. बाकीचे उतारू पांगले; घ्यायला कोणी आलेले नव्हते, कारण पत्रच वडिलांपर्यंत पोचलेले नव्हते. चांगल्या कपड्यांवरून ही ब्राह्मणांची मुले असावीत असे समजून स्टेशनमास्तर चौकशी करू लागला. उत्तरात 'महार' हा शब्द आला आणि त्याचा चेहरा पालटला. गाडीवाले भाडे नाकारू लागले. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनी स्वतः हाकायचे आणि गाडीवान पायी चालणार, या अटीवर गाडी मिळाली. रात्रभर त्या मुलांना पिण्याचे पाणी मिळाले नाही.

आता कल्पना करा की त्या काळातले मसूरचे एखादे छायाचित्र आपल्या हाती लागले आहे. बसकी इमारत, कंदिलाचा खांब, दारात कोट घातलेला स्टेशनमास्तर, दूरवर बैलगाड्या. 'गेले ते दिवस' या ओळीखाली ते किती शोभून दिसेल! छायाचित्र खोटे बोलणार नाही. इमारत तशीच होती, कोट तसाच होता. ते फक्त गप्प बसेल. पालटलेला चेहरा ते दाखवणार नाही, कारण तो पालटण्याचे कारण शब्दात होते. चित्राला वाचा फोडायला मजकूर लागतो, आणि मजकुराला बूड द्यायला चित्र लागते. दुष्काळासाठी बांधलेली रेल्वे, दुष्काळासाठी खणलेला तलाव आणि या दोहोंच्या मधे फलाटावर खोळंबलेली चार मुले, हा एकच देखावा आहे. तो अखंड वाचायचा तर साहित्य, इतिहास आणि छायाचित्र यांच्या वाटण्या करून चालत नाही. रेल्वेने जात मोडली, सगळ्यांना एका डब्यात बसवले, असे आपण परीक्षेच्या उत्तरांत लिहून घेतो. डब्यात बसवले हे खरे. फलाटावर उतरल्यावर काय झाले हे मसूरला विचारावे.

त्याच रुळांवर पुढे कराड ओलांडले की शेणोली लागते. ७ जून १९४३ रोजी प्रतिसरकारच्या तूफान सेनेने तिथे रेल्वेच्या पगाराची गाडी अडवली आणि रक्कम ताब्यात घेतली. जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ या नावांशी ही घटना जोडलेली आहे. सरकारी भाषेत हा दरोडा. आपण अजूनही सहज 'शेणोलीची लूट' म्हणतो. कॅप्टन भाऊ उतारवयातही 'लूट' हा शब्द मान्य करीत नसत. इंग्रजांनी लोकांकडून नेलेला पैसा आम्ही परत आणला, असे त्यांचे म्हणणे. शेणोलीच्या रुळांचे एखादे चित्र पाठ्यपुस्तकात छापायचे झाले तर त्याखाली कोणता शब्द घालणार? चित्र तेच राहील. एका शब्दाने त्याची बाजू बदलेल. वाल्टर बेन्यामिनने १९३१ मध्ये छायाचित्रणावर लिहिताना चित्राखालची ओळ हाच पुढे चित्राचा गाभा ठरेल का, असा प्रश्न टाकला होता. आपण बेन्यामिन परिसंवादात उद्धृत करतो आणि शेणोलीची ओळ लिहायला कोणी विचारले तर हा आमचा विषय नव्हे म्हणून हात झटकतो.

शेणोलीपासून जवळच किर्लोस्करवाडी. १९१० मध्ये लोखंडी नांगरांच्या कारखान्याने जिची सुरुवात झाली आणि जिथून 'किर्लोस्कर', 'स्त्री', 'मनोहर' ही मासिके निघाली, ती वसाहत रेल्वे स्थानकाला धरून उभी राहिली. कराडचे स्थानक ज्या ओगलेवाडीत आहे तिथे प्रभाकर कंदील तयार होत. नियतकालिकांचा इतिहास शिकवताना आपण संपादकीये, स्तंभ, वाद यांविषयी बोलतो. कागद आत कसा आला आणि अंक बाहेर कसा गेला, हे विचारत नाही. मराठी मध्यमवर्गाचे वाचन ज्या वाटेच्या आधाराने उभे राहिले ती आपल्या वाङ्मयेतिहासात टीपेलाही येत नाही.

या विषयावर दोन आक्षेप ठरलेले आहेत. पहिला असा की हे काम इतिहास-विभागाचे, साहित्याच्या माणसाने यात कशाला पडावे? उत्तर सरळ आहे. हस्तलिखिताचा काळ ठरवणे, पाठभेद पाहणे, लेखनिकाची नजर ओळखणे, हे आपण ज्ञानेश्वरीपासून बखरींपर्यंत शिकवतो. तीच शिस्त इथे लागते. समजा, लोणंदच्या यार्डाचे एक विनातारखेचे चित्र आहे. रूळ अरुंद असतील तर ते १९७१ च्या आधीचे. वाघिणीवर मद्रास अँड सदर्न मराठाची आद्याक्षरे असतील तर ती वाघीण १९०८ नंतर रंगवलेली. दक्षिण रेल्वेची असतील तर १९५१ नंतरची. मात्र वाघिणी परक्या रेल्वेच्याही येतात आणि जुनी अक्षरे पुसायला वेळ लागतो, म्हणून एकाच खुणेवर भिस्त ठेवायची नाही. इंजिन 'वायपी' किंवा 'वायजी' वर्गाचे असेल तर काळ स्वातंत्र्यानंतरचा, कारण हे वर्ग आलेच तेव्हा. हे सगळे पाठचिकित्सेहून वेगळे कुठे आहे? आणि ते करतो कोण? रेल्वेवेडे म्हणून ज्यांची थट्टा होते ते लोक. त्यांनी इंजिनाचा क्रमांक, वर्ग, कारखाना, सेवेत आल्याचे वर्ष नोंदवून ठेवले. मराठी विभागांनी नोंदवलेले काय आहे? हौशी माणसाच्या या कष्टांपुढे व्यावसायिकाने आधी मान तुकवावी आणि मग विचारावे : इंजिनाचा क्रमांक मिळाला, आता फायरमनचे नाव मिळेल का?

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा. लोकांना जुन्या गाड्या आवडतात, त्यात आजोळ असते, बालपण असते. त्या साध्या आनंदात जात आणि वर्ग कशाला कालवता? हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. वाफेच्या इंजिनात सौंदर्य आहेच आणि सालप्याच्या घाटात धापा टाकत चढणारी गाडी ज्यांनी पाहिली त्यांचा हेवा वाटावा. पण आठवण आणि आठवणीचा बाजार यांत फरक आहे. आठवणीला नाव असते, गाव असते, घामाचा आणि कोळशाचा वास असतो. बाजाराला फक्त तांबूस रंग लागतो. गांधीजींनी १९१७ मध्ये तिसऱ्या वर्गाच्या डब्यांतील घाण, गर्दी आणि अपमान यांवर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. त्या डब्यातून प्रवास केलेल्यांची नातवंडे आज पहिल्या वर्गाच्या चित्राखाली 'आपले सोनेरी दिवस' लिहितात, तेव्हा ती आपल्याच आजोबांना डब्यातून खाली उतरवीत असतात. आनंद हिरावून घेण्याचा प्रश्न नाही. तो आनंद आपलाच आहे की उसना, एवढेच विचारायचे आहे.

हे सारे आताच लिहिण्याचे कारण आहे. २२ मे २०२५ रोजी अमृत भारत योजनेत नूतनीकरण झालेल्या देशातल्या १०३ स्थानकांचे एकदम उद्घाटन झाले; त्यात लोणंद आहे. त्याआधी २०१९ मध्ये लोणंदहून फलटणला उतारूगाडी सुरू झाली, आणि संस्थानी काळापासून गाडीसाठी लोणंद गाठणाऱ्या फलटणला स्वतःचा फलाट मिळाला. हे चांगलेच झाले. नवी इमारत येऊ नये, जुनी पडकी राहावी, असले रडगाणे आम्हाला गायचे नाही. प्रश्न असा की नव्या भिंतीवर उद्या जुनी चित्रे लागली तर त्यांखाली काय लिहिले जाईल? कंत्राटदाराच्या माणसाने महाजालावरून उतरवून घेतलेले कुठलेतरी इंजिन, कदाचित दुसऱ्याच देशातले, आणि खाली 'आपला वारसा'? की लोणंदच्या मालधक्क्यावर पोती वाहिलेल्या माणसांची नावे?

नावे मिळणे अजून शक्य आहे, पण फार काळ नाही. १९७१ मध्ये मीटरगेजची शेवटची गाडी गेली तेव्हा जो विशीत होता तो आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. सांधेवाले, गँगमन, खलाशी, हमाल, तारबाबू यांच्या घरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत निवृत्तीच्या दिवशी काढलेले हारतुऱ्यांचे चित्र असते, एखादे ओळखपत्र असते, साहेबासोबतचे गटचित्र असते. गटचित्रात खुर्चीवर बसलेल्यांची नावे मागे लिहिलेली असतात. मागे उभे राहिलेल्यांची नसतात. ती सांगू शकणारा माणूस गेला की ते चित्र कायमचे मुके होते. राजवाड्यांना वाईला जुने दप्तर सापडले आणि १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड निघाला. त्यांनी कागद गोळा केले ते वाण्याच्या पुड्यांत जाण्याआधी. वाई लोणंदपासून दूर नाही. आपल्या पिढीचे दप्तर त्या पत्र्याच्या पेट्यांत आहे आणि आपण पदोन्नतीच्या गुणांसाठी एकमेकांचे निबंध उद्धृत करीत बसलो आहोत.

म्हणून मागणी अगदी लहान आहे आणि तिला अनुदान लागत नाही. सातारा-सांगली पट्ट्यातल्या प्रत्येक मराठी विभागाने पदव्युत्तर वर्गाचा एक प्रकल्प या मार्गावरच्या एकेका स्थानकाला द्यावा. विद्यार्थ्याने एक छायाचित्र मिळवावे, मालकाच्या परवानगीने त्याची प्रत करावी आणि त्याखाली ओळ लिहावी. ती ओळ अशी असावी : स्थानक लोणंद, रूळ मीटरगेज, वाघिणीवरील अक्षरांवरून काळ अमुक ते अमुक, छायाचित्रकार कोण, इंजिनाचा वर्ग अमुक, डावीकडून पहिला सांधेवाला, नाव व गाव अमुक, दुसरा हमाल, नाव अद्याप मिळालेले नाही. हे शेवटचे वाक्यही प्रामाणिकपणे छापावे. ज्याचे नाव मिळालेले नाही असा माणूस तिथे होता, याची ती पहिली नोंद असेल.

असे पन्नास विद्यार्थ्यांनी केले तर पन्नास ओळी होतील. मराठीच्या अभ्यासाला या पन्नास ओळी जड नाहीत. त्या लिहून झाल्या की 'गेले ते दिवस' लिहिणाऱ्याला आपण विचारू शकू : बाबा रे, कोणाचे?